मुहूर्त आपला, घाई त्यांची

पोस्ट लांब आहे. दिवाळीपासून डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या जुन्या गल्लीतल्या एक अक्का ऑफिसला आल्या. विड्या वळतात. आता रे नगरला घर मिळालंय, तिकडं राहायला गेल्यात. मला वाटलं पाण्याची नाहीतर रस्त्याची तक्रार असणार. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला पेपरचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. आमचाच पेपर. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची पुरवणी.

"अण्णा, हे तुमीच लिवलंय न्हवं?"

बातमी होती, दसऱ्यानिमित्त बाजारपेठ सज्ज, ऑफरचे शेवटचे काही तास, जीएसटी कपातीमुळे ग्राहकांची चंगळ. वर नाव नव्हतं, पण लिहिली मीच होती.

अक्कांनी ती मुलाकडून वाचून घेतली. नव्या घरात फ्रिज घ्यायचाच होता. संक्रांतीपर्यंत थोडे पैसे साठवून घेऊ असा विचार होता. पण 'शेवटचे काही तास' वाचल्यावर घरात घालमेल सुरू झाली. दसऱ्याला, म्हणजे 2 ऑक्टोबरला, दुपारी जाऊन फ्रिज घेतला. रोख एक रुपया द्यायचा नाही, दहा हप्ते, बिनव्याजी. मोबाईलवर अंगठा, ओटीपी, झालं. दुकानात गर्दी इतकी की कागद वाचायला बसायलाही जागा नव्हती, आणि मागचा माणूस "चला लवकर" म्हणत होता.

पहिला हप्ता 5 नोव्हेंबरला. 5 तारीख आली बुधवारी. अक्कांचा पगार शनिवारी. त्यात दिवाळीची सुट्टी, काम कमी, त्यामुळे आधीच्या आठवड्याचा पगारही अर्धाच. खात्यात हप्त्याला दोनशे-अडीचशे कमी पडले. हप्ता परत गेला. फायनान्सवाल्यांनी दंड लावला, बँकेने वेगळा लावला. दोन्ही मिळून हजाराच्या आसपास. अक्कांनी शनिवारी पगार झाल्या झाल्या पैसे भरले. तीन दिवसांचा उशीर.

"चार दिवसाच्या विड्या गेल्या अण्णा. मी बुडवलं न्हाई, फकस्त शनवारपत्तर थांबा म्हनलं."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा मागवला.

त्या गेल्यावर मी दसऱ्याची ती बातमी पुन्हा वाचली. मग कॉम्प्युटरमध्ये आदल्या वर्षीची काढली. त्याच्या आदल्या वर्षीची काढली. 'साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त' हे वाक्य तिन्हीकडं जसंच्या तसं. 'कोट्यवधींची उलाढाल' तिन्हीकडं. हा कोटींचा आकडा कसा येतो सांगू? चार दुकानदारांना फोन करायचा. ते म्हणतात "या वर्षी चांगलंय." तेवढ्यावर आम्ही कोटी लिहितो. 'शेवटचे काही तास' हे शब्द तर माझेही नव्हते. दुकानाकडून आलेल्या मजकुरातले होते, आणि शेजारी त्याच दुकानाची अर्धं पान जाहिरात होती.

जीएसटीचं तर अजून वाईट. 22 सप्टेंबरपासून दर कमी झाले, ते एसी, 32 इंचांपेक्षा मोठे टीव्ही, छोट्या गाड्या अशा वस्तूंवर. 28 टक्क्यांचे 18 झाले. फ्रिजवर 18 टक्के 2018 पासूनच होते. म्हणजे अक्कांच्या फ्रिजचा जीएसटी एक पैशानेही कमी झाला नव्हता. पण मी बातमीत 'टीव्ही, फ्रिज, एसी' असं एका दमात लिहून मोकळा झालो होतो. तपासायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी दिली नाहीत, कारण पुरवणी रात्री आठला जायची होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपल्याकडच्या माणसाला वेळेची किंमत नाही, असं बाहेरून येणारा प्रत्येक जण म्हणतो. मला ते कधीच पटलं नाही. सोलापूरच्या माणसाकडं एक नाही, पाच-सहा घड्याळं आहेत. आपल्या पेठांची नावंच बघा. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. गाव वारांवर वसलंय आणि मंगळवारचा बाजार अजून आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंग्यावर स्वयंपाक व्हायचा आणि पगाराच्या दिवशी दुकानं उशिरापर्यंत उघडी राहायची. गिरण्या गेल्या, भोंगे गेले. आता पाण्याचा दिवस आहे. चार-पाच दिवसाआड नळ येतो. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायका बाजाराला जात नाहीत, हे कोपऱ्यावरच्या भाजीवालीला महापालिकेपेक्षा आधी कळतं. टाक्या, बॅरल, मोटारी यांचा आपल्याकडचा धंदा या पाण्याच्या घड्याळावरच उभा आहे.

आणि तिथीचं घड्याळ? महाराष्ट्रात घरोघरी जे दाते पंचांग बघतात ते निघतं आपल्या सोलापुरातून. नानाशास्त्री दात्यांनी सुरू केलेल्या या पंचांगाला शंभर वर्षं उलटून गेली. मुंबई-पुण्याची लग्नं कधी लागायची ते आपल्या गावात बसून मांडलं जातं. ज्या गावाने राज्याला मुहूर्त दिले त्या गावाला वेळ कळत नाही, असं कसं म्हणायचं?

तर वेळ कळते. प्रश्न असा आहे की आपल्या या घड्याळांचा उपयोग कोण कशासाठी करतंय.

दसऱ्याचंच घ्या. आपण सोनं लुटतो म्हणजे काय करतो? आपट्याची पानं देतो. मोठ्यांच्या पाया पडतो. फुकटचं सोनं. लहानपणी दसऱ्याला खिसे भरून पानं असायची. आता दसरा म्हटलं की ग्रॅमचा भाव. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य आणि दक्षिणेकडं तोंड करून यमाचा दिवा, एवढंच आमच्या घरात होतं. आता त्या दिवशी सोन्या-चांदीचं काही घेतलं नाही तर माणूस मागे राहिला असं वाटायला लावतात. गुरुपुष्यामृत पूर्वी पंचांगात शोधावं लागायचं. आता पहिल्या पानावरची जाहिरात आधी येते, तिथी नंतर कळते.

अधिक महिन्याचं तर मला कौतुकच वाटतं. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा महिना. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. बाजाराच्या दृष्टीने मेलेला महिना. फक्त जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. बाजाराने त्यातला जावई बरोबर उचलला. चांदीचं ताट, चांदीचा दिवा, जावयासाठी कपड्यांचा जोड. 2023 ला श्रावण अधिक होता तेव्हा 'धोंडे महिना स्पेशल' अशी पानं मी स्वतः लावलीत. आता 2026 ला ज्येष्ठ अधिक येतोय, 17 मे ते 15 जून. लिहून ठेवा, लेकीच्या बापाला तेव्हा पेपर उघडायची भीती वाटेल.

पितृपक्षात उलटं. या पंधरवड्यात आमचा पेपर पातळ होतो. जाहिरात नाही म्हणून पानं कमी. पंचांगाचे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगतायत की पितृपक्षात खरेदी करू नये असं शास्त्रात काही नाही. पण नव्या पेठेतला कापडवाला आणि सराफ कट्ट्यावरचा सराफ हे पंधरा दिवस पुतळ्यासारखा बसून असतो. आता गंमत बघा. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी ऑनलाइन कंपन्यांचे मोठे सेल सुरू झाले ते पितृपक्षातच. 8 ऑक्टोबर 2023, 27 सप्टेंबर 2024. आपल्याच लोकांनी धडाधड मोबाईल घेतले. डिलिव्हरी घटस्थापनेनंतर आली की झालं, अशी सोय मनाने काढली. माझ्या मेहुण्याने तर पार्सल घरात आणून दसऱ्यापर्यंत फोडलंच नाही.

यात मला हसू येतं, पण लोकांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. मुहूर्ताचा एक चांगला उपयोगही होता, तो विसरायला नको. आमच्या आईकडं पैसे नसायचे तेव्हा ती म्हणायची, "पाडव्याला बघू." यात दोन गोष्टी होत्या. पोराचा हट्ट मोडत नव्हता, आणि साठवायला चार महिने मिळत होते. मुहूर्त म्हणजे थांबण्याचं कारण होतं. भिशीचा नंबर मुहूर्ताला लागावा म्हणून बायका आपापसात तडजोड करायच्या. "गड्ड्यात घेऊ" हे तर सोलापूरच्या प्रत्येक घरात म्हटलेलं वाक्य आहे. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला, तारीख ठरलेली, होम मैदानावर सगळं मिळणार. तोपर्यंत कळ काढायची. आणि खरं सांगायचं तर गड्डा येईपर्यंत अर्ध्या वस्तूंची हौस फिटलेली असायची.

आता तोच मुहूर्त घाई करायला लावतो. मुहूर्त आहे म्हणून थांबायचो, आता मुहूर्त आहे म्हणून पळतो. पैसे साठले नसले तरी दिवस जायला नको. मधली फट भरायला कर्ज आहेच.

आणि इथं 'हप्ता' हा शब्द येतो. अक्का गेल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. हप्ता म्हणजे मुळात आठवडा. फारसीतून आलेला शब्द. आठवड्याला पगार, आठवड्याला बाजार, आठवड्याला दुकानदाराचे पैसे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, बांधकामावरचा माणूस, सगळ्यांचा संसार अजून आठवड्यावर चालतो. ईएमआयला आपण हप्ता म्हणतो, पण तो महिन्याने येतो. तो पगारदार माणसाच्या घड्याळावर बसवलेला आहे. एक तारखेला पगार, पाच तारखेला कपात. ज्याचा पगार शनिवारी होतो त्याची पाच तारीख कधी सोमवारी, कधी बुधवारी, कधी शुक्रवारी येणार. अक्कांनी पैसे बुडवले नाहीत. त्यांचं घड्याळ आणि कंपनीचं घड्याळ तीन दिवसांनी चुकलं आणि दंड एकाच बाजूला बसला.

हेच शेतकऱ्याचं. उसाचं बिल ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत द्यायचं, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. आपल्या जिल्ह्यात ते किती वेळा पाळलं जातं हे ज्याच्या शेतात ऊस आहे त्याला विचारा. त्याने बिलाच्या भरवशावर ट्रॅक्टरचा हप्ता ठरवलेला असतो. बिल लांबतं, हप्ता लांबत नाही. कारखान्याच्या उशिराला थकबाकी म्हणतात आणि शेतकऱ्याच्या उशिराला डिफॉल्ट म्हणतात. दोन्ही उशीरच आहेत, पण सिबिल फक्त एकाचं बिघडतं.

जुनी उधारी फार गोड होती असंही मी म्हणणार नाही. वहीत काय लिहिलंय ते गिऱ्हाईकाला दिसायचं नाही. भाव चढवून लावायचे. सणाच्या तोंडावर चारचौघांत मागून लाज काढायचे. पण एक होतं. दुकानदाराला माहीत होतं की यांच्या घरात पैसा शनिवारी येतो. बुधवारी तो मागायला यायचा नाही. मशीनला शनिवार माहीत नाही.

आता कामाचं सांगतो, कारण हे मलाही या प्रकरणानंतर नीट बसून वाचल्यावर कळलं.

एक. कोणतंही किरकोळ कर्ज देताना बँक किंवा फायनान्स कंपनीने 'मुख्य तथ्य विवरण' द्यायला पाहिजे. 1 ऑक्टोबर 2024 पासून हे बंधनकारक आहे. एकूण खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, दंड किती, हे सगळं एका कागदावर, आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत. मराठी कळत असेल तर मराठीत, तेलुगू कळत असेल तर तेलुगूत.

दोन. हे महत्त्वाचं आहे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं कर्ज असेल तर तो कागद हातात आल्यापासून किमान तीन कामकाजाचे दिवस त्यातल्या अटी तशाच राहिल्या पाहिजेत. म्हणजे घरी जाऊन, चार लोकांना विचारून, विचार करून या. हा तुमचा हक्क आहे. दुकानाची ऑफर आज संपेलही, पण कर्जाच्या अटी आज संपतात असं कुणी म्हणालं तर कागद मागा.

तीन. मोबाईलवर घेतलेल्या डिजिटल कर्जाला माघारीची मुदत असते, किमान एक दिवस. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत केला तर दंड लागत नाही.

चार. हप्ता चुकला तर दंड लावता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचं 18 ऑगस्ट 2023 चं परिपत्रक आहे.

पाच. 'फक्त दोन शिल्लक', 'दहा मिनिटांत ऑफर बंद' असं खोटं सांगून घाई करायला लावणं हा आता नियमभंग आहे. केंद्राने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा फसवे प्रकार दिलेत आणि यादीत पहिलाच आहे खोटी घाई. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

आणि सहा, हे नियमात नाही, माझा सल्ला आहे. कर्ज घेताना हप्त्याची तारीख कोणती ते विचारा, आणि बदलून मिळते का तेही विचारा. आठवड्याचा पगार असेल तर पहिल्या पगारापासूनच थोडे थोडे वेगळे काढून खात्यात टाका, तारखेची वाट बघू नका.

हे सगळं मी दसऱ्याच्या पुरवणीत छापू शकलो असतो. दीड कॉलम पुरला असता. छापलं नाही, कारण त्या पानावर जागा जाहिरातीची होती आणि माझा पगारही त्याच जाहिरातीतून येतो. वीस वर्षं या धंद्यात आहे, पुढचं वाक्य लिहायला मला जड जातंय. अक्कांना घाई दुकानाने केली, तशीच मीही केली. दुकानाचं बॅनर त्यांनी विश्वासाने वाचलं नसतं. पेपर विश्वासाने वाचला.

ऑफिसात मी दोन गोष्टी सांगितल्या. मुहूर्ताच्या बातमीत 'शेवटचे काही तास' माझ्या हातून जाणार नाही. आणि प्रत्येक सणाच्या पुरवणीत 'हप्त्यावर घेताना' अशी एक चौकट द्यायची. जाहिरात विभागाचा सहकारी चांगला मित्र आहे. तो म्हणाला, "मालक, चौकट द्या, पण फायनान्सच्या जाहिरातीशेजारी नको." मी म्हटलं, तिथंच पाहिजे. अजून ठरलेलं नाही. पाडव्याच्या पुरवणीत काय होतं ते तुम्हाला दिसेलच. चौकट नसली तर मला विचारा.

अक्कांचा डिसेंबरचा हप्ता वेळेत गेला. त्यांनी शनिवारच्या पगारातून ठरावीक रक्कम डब्यात टाकायला सुरुवात केलीय. परवा भेटल्या तेव्हा मी विचारलं, फ्रिज कसा चाललाय?

"चांगलाय. पन त्यात ठेवायला काय आनायचं ते आता हप्ते फिटल्यावर."

मुलगा मोबाईल मागतोय, नव्या वर्षाच्या ऑफर चालू आहेत, तो रोज स्क्रीनवरचं उलटं धावणारं घड्याळ आणून दाखवतो म्हणे. मी विचारलं, मग काय सांगितलं त्याला?

"गड्ड्यात बघू म्हनलं."